बुटांचा एकच जोड

तारापूर औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेल्या माणसाला कारखान्याकडून सहसा बुटांचा एकच जोड मिळतो, आणि तो सगळ्याला पुरेल असं देणाराही धरून चालतो आणि घेणाराही. या ‘सगळ्या’त काय काय येतं ते एकदा मांडून पाहायला हवं. बोईसर स्टेशनच्या पुलाच्या ओल्या पायऱ्या येतात, शेअर रिक्षातून उतरल्यावर रस्त्याकडेचा चिखल येतो. गेटच्या आत शिरलं की जाळीची लोखंडी शिडी, पंपाखाली पसरलेलं तेल, रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावरची रंगानं माखलेली फरशी, कडेवर तिरका करून गोल फिरवत न्यायचा दोनशे लिटरचा ड्रम, सांडपाणी शुद्धीकरणाच्या, म्हणजे ईटीपीच्या टाकीभोवतीचा गाळ. शेजारच्या शेडमध्ये स्टेनलेस स्टीलचं काम चालत असेल तर तापलेला धातू आणि जमिनीवर पडलेले धारदार तुकडे. शिवाय लांबलचक ड्यूटी, मे महिन्यातला उकाडा आणि जूनपासून चार महिने काहीच धड न वाळणं. एका जोडाकडून एवढी अपेक्षा ठेवावी का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण नुसतं नाही म्हणून कोणाच्याच पायाचं भलं होत नाही. एकच जोड घ्यायची वेळ आली तर तो कशावरून निवडायचा, आणि दुसरा जोड लागणारच असेल तर तो कोणाच्या नावावर असावा, हे ठरवल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही.

आधी बूट नीट पाहू. वापरून टाकलेला एखादा सेफ्टी शूज टाचेपासून टोकापर्यंत उभा चिरला तर आत पाच-सहा थर दिसतात. वर जाड चामडं, त्याच्या आत पातळ स्पंज आणि कापडाचं अस्तर. टोकाशी पोलादाची वाटी. तिच्या मागच्या कडेला रबराची किंवा प्लॅस्टिकची पट्टी, कारण ती नसेल तर उकिडवं बसताना पोलादाची धार बोटांच्या मुळाशी रुतते. पायाखाली सुकतळा, त्याखाली आतला तळ, काही बुटांत पोलादाचा पातळ पत्रा, आणि सगळ्यात खाली साच्यात ओतलेलं पॉलियुरेथेन, बऱ्याचदा दोन प्रकारचं, आत मऊ आणि बाहेर टणक. यातल्या एकेका थराला एकेक काम नेमून दिलेलं आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १५२९८ या मानकाच्या दुसऱ्या भागानुसार टोकाच्या वाटीनं २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडलं तरी ४१-४२ नंबरच्या बुटात बोटांसाठी १४ मिलिमीटर जागा शिल्लक राहिली पाहिजे. तिसऱ्या भागातल्या बुटाला १०० ज्यूल पुरतात, चौथ्या भागातल्या बुटाला वाटीच लागत नाही. दुसऱ्या भागातही पुन्हा एस-१ पासून एस-५ पर्यंत वर्ग आहेत: एस-१ मध्ये स्थिर वीज वाहून नेणारा तळ आणि टाचेखाली धक्का पचवणारा थर, एस-२ मध्ये पाणी सहजासहजी आत न शिरू देणारं चामडं, एस-३ मध्ये ११०० न्यूटन बळानं खिळा आत न जाऊ देणारा थर आणि खाचांचा सोल, एस-४ आणि एस-५ म्हणजे संपूर्ण रबराचे किंवा प्लॅस्टिकचे, आपल्या भाषेत गमबूट. एक बूट सगळीकडे चालला असता तर एवढी विभागणी करायची गरजच नव्हती. ज्यांनी आयुष्य या तपासण्यांत घालवलं त्यांनी हे मान्य करून मानक लिहिलं आहे; ते मानक वापरणारे आपण मात्र बुटावर आयएसआयचा शिक्का पाहिला की पुढे वाचत नाही.

घसरण्याचंच घ्या. सेफ्टी शूजच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०११ च्या आवृत्तीत बुटाची पकड दोन फरशांवर तपासली जायची. एक साबणाच्या द्रावणानं ओली केलेली सिरॅमिकची लादी, दुसरी ग्लिसरीन पसरलेला पोलादी पत्रा. पहिलीवर उतरला तर एसआरए, दुसरीवर उतरला तर एसआरबी, दोन्हींवर उतरला तर एसआरसी. वेगवेगळ्या खुणा ठेवाव्या लागल्या, कारण एका पृष्ठभागावर धरणारा सोल दुसऱ्यावर धरेलच असं नाही. कठीण, गुळगुळीत, ओल्या जमिनीवर सोलाचा जास्तीत जास्त भाग टेकलेला हवा आणि मधलं पाणी बाहेर काढायला बारीक खाचा हव्यात. चिखलात याच्या उलट: खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात, नाहीतर त्या चिखलानं भरतात आणि पायाखाली मातीचा एक सपाट गोळा तयार होतो. खोल खाचांचा तो सोल लादीवर आणला की जमिनीला टेकणारा भाग घटतो आणि पाय सटकतो. शिवाय बोईसरच्या पावसाळ्यात जी घसरण सगळ्यात नेहमीची, म्हणजे उतारावरच्या काँक्रीटवर धरलेलं शेवाळ, ती या दोन तपासण्यांत कुठेच नाही. शेवाळावर कुठल्याही शिक्क्याचा बूट भरवशाचा नसतो; तिथे खराटा आणि ब्लीचिंग पावडर हाच उपाय.

तरीही घसरण हा मला सोपा प्रश्न वाटतो. तिथे मधला मार्ग निघतो: मध्यम खाचा, मध्यम टणक रबर, आणि दोन्हीकडे थोडीथोडी तडजोड. खरा पेच स्थिर विजेपाशी सुरू होतो. टोल्युईन किंवा मिथेनॉलसारखी सॉल्व्हंट हाताळणाऱ्या प्लांटमध्ये माणूस चालतो, कपडे घासतात, आणि त्याच्या अंगावर भार साठतो. माणसाच्या शरीराची विद्युतधारिता दीडशे पिकोफॅरडच्या आसपास धरली आणि विभव ५००० व्होल्टपर्यंत चढला, तर ठिणगीत जवळजवळ २ मिलिज्यूल ऊर्जा असते. टोल्युईनची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलही पुरतो. म्हणून तिथला बूट असा हवा की अंगावरचा भार सावकाश जमिनीत उतरत राहील. मानकानुसार त्याचा रोध १०० किलोओहम ते १००० मेगाओहमच्या दरम्यान असावा लागतो. आता त्याच कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनकडे पाहा. तो ४१५ व्होल्टच्या पॅनेलसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या बुटानं जमिनीशी संबंध तोडून टाकायला हवा. एकाच्या पायाखालून वीज वाहिली पाहिजे, दुसऱ्याच्या पायाखालून वाहता कामा नये. मानकानं इथेही मधली वाट काढली आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १०० किलोओहमची खालची मर्यादा त्यासाठीच आहे: २५० व्होल्टपर्यंतच्या एखाद्या नादुरुस्त उपकरणाचा झटका बसला तर हा बूट थोडंफार संरक्षण देतो. पण ते थोडंफारच. आणि तेसुद्धा बूट कोरडा, स्वच्छ आणि चांगल्या स्थितीत असताना.

इथे एका बारीक गोष्टीपाशी थांबावंसं वाटतं. सेफ्टी शूज कडक असतात, पहिला महिनाभर पाय दुखतात, म्हणून माणूस बाजारातून फोमचा मऊ सुकतळा आणतो आणि आत टाकतो. तीस-चाळीस रुपयांची वस्तू, त्यानं पायाला आराम मिळतो आणि कोणाला त्यात काही गैर वाटत नाही. पण फोम वीज वाहू देत नाही. पाय आणि बुटाचा तळ यांच्यामध्ये तो आला की स्थिर वीज उतरण्याचा रस्ता बंद होतो, आणि बुटावरची खूण खोटी ठरते. उलट पावसाळ्यात बूट भिजला की रोध घसरतो आणि इलेक्ट्रिशियनच्या बुटाचा भरवसा जातो. हवा दमट असली की अंगावर भार साठायला अवघड जातं, म्हणून सॉल्व्हंट प्लांटमधला हा धोका पावसाळ्यात दबलेला असतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत डोकं वर काढतो. म्हणजे ज्या दिवसांत बुटांबद्दल कोणी तक्रार करत नाही, पाय कोरडे असतात, चिखल नसतो, नेमक्या त्याच दिवसांत बुटाचं सगळ्यात महत्त्वाचं काम चालू असतं. परिस्थिती जागेप्रमाणे बदलते तशी ऋतूप्रमाणेही बदलते, आणि एकाच जोडाचा हिशेब करताना हा ऋतूंचा भाग हमखास सुटतो.

रसायनांच्या बाबतीत तर मधला मार्ग काढायलाही जागा कमी. तीव्र सल्फ्युरिक आम्ल चामडं जाळतं, कॉस्टिक सोडा ते मऊ करून कुजवतो. पीव्हीसीचा गमबूट या दोन्हींना बऱ्यापैकी दाद देत नाही, पण सॉल्व्हंटमध्ये त्याच्यातला लवचीकपणा देणारा घटक निघून जातो आणि तो फुगतो किंवा कडक होऊन तडकतो. नायट्राइल रबर तेलाला चांगलं टिकतं, अ‍ॅसिटोनपुढे हार खातं. ब्युटाइल रबर अ‍ॅसिटोनला टिकतं, पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटपुढे हार खातं. हातमोज्यांच्या बाबतीत हे सगळ्यांना पटलेलं असतं. कुठल्या रसायनाला कुठला मोजा याचा तक्ता बऱ्याच प्लांटमध्ये भिंतीवर लावलेला दिसतो. बुटांचा असा तक्ता मात्र क्वचितच दिसतो, जणू रसायन हातावर सांडतं आणि पायापर्यंत पोचतच नाही. उष्णतेचंही असंच. तापलेल्या धातूवर पाय पडण्याची शक्यता असेल तर ३०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर ६० सेकंद टिकणारा रबरी सोल लागतो, आणि तो जड असतो. हलकं, आरामाचं पॉलियुरेथेन एवढ्या उष्णतेत वितळतं. पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांना तर दमट हवाच पुरते: हवेतल्या बाष्पानं त्याची साखळी तुटत जाते, आणि स्टोअरमध्ये दोन-तीन वर्षं पडून राहिलेला कोरा जोड पायात घातल्यावर काही दिवसांत सोलाचा भुगा होतो. समुद्रापासून काही किलोमीटरवर असलेल्या बोईसरच्या हवेत खरेदीची तारीख पाहून भागत नाही, बुटावरची उत्पादनाची तारीखही पाहावी लागते.

एका जोडात सगळं भागवण्याचा हा वाद दुसऱ्या क्षेत्रांतही चालतो, आणि तिथली उत्तरं इथे का लागू पडत नाहीत हे पाहण्यासारखं आहे. गुलमर्गला किंवा औलीला बर्फावर स्की करणाऱ्यांत तो जुना आहे. स्कीच्या पट्ट्यांची मधली रुंदी ७० ते ८० मिलिमीटर असेल तर टणक बर्फात कड पटकन रुतते आणि वळणं नेमकी घेता येतात. १०० च्या वर असेल तर ताज्या, भुसभुशीत बर्फात माणूस बुडत नाही, वर राहतो. एकच जोड घेणारे ९० च्या आसपासची रुंदी निवडतात आणि त्यांचं चांगलं चालतं. सह्याद्रीत भटकणारेही वर्षानुवर्षं हेच करत आले. आशेरी असो की काळदुर्ग, ओला कातळ असो की घसाऱ्याची वाट, रबरी सोलाचा एक स्वस्त जोड सगळीकडे नेतात. हे शहाणपणाचं आहे. पण ते दोन कारणांमुळे शहाणपणाचं ठरतं. पहिलं, बर्फ मऊ ते टणक अशा एकाच मोजपट्टीवर बदलतो, म्हणून मध्यावर उभं राहता येतं. दुसरं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, निवड थोडी चुकली तर बहुतेक वेळा दिवस वाया जातो किंवा थोडं खरचटतं, आणि वाट कठीण वाटली तर मागे फिरण्याची मुभा असते. प्लांटमधल्या परिस्थिती एका मोजपट्टीवर बसत नाहीत, काही तर एकमेकींच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभ्या असतात. आणि शिफ्टमधल्या हेल्परला वाट कठीण दिसली म्हणून मागे फिरता येत नाही.

म्हणून ‘जास्तीत जास्त दिवस कुठला बूट बरा पडेल’ हा प्रश्न मी चुकीचा मानतो. या प्रश्नाला उत्तर सरासरीचं मिळतं, आणि पाय सरासरीनं भाजत नाही. वर्षातले बहुतेक दिवस कोणाच्या पायावर ड्रम पडत नाही, कोणाच्या बुटात आम्ल जात नाही. त्या सगळ्या दिवसांत साधा कॅनव्हासचा बूटही उत्तम ठरतो. निवड करायची ती ज्या एका दिवसाची भरपाई होणार नाही त्याच्याकडे पाहून. भिजलेला पाय वाळतो. अंगठ्यावरचा चट्टा बरा होतो. चिरडलेली बोटं, आम्लानं जळलेला घोटा, सॉल्व्हंटच्या खोलीतली एक ठिणगी यांतलं काही परत पहिल्यासारखं होत नाही. एकच जोड घ्यायचा असेल तर त्या माणसाच्या कामात असं न परतणारं काय आहे ते आधी शोधायचं, त्यासाठी बूट घ्यायचा, आणि बाकीच्या बाबतींत तो कमी पडणार हे त्याला स्पष्ट सांगायचं. बूट देताना तो काय करतो हे सांगतात. तो काय करत नाही हे कोणी सांगत नाही, आणि माणूस त्या न सांगितलेल्या भागातही त्याच भरवशानं पाऊल टाकतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे, त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. एस-५ वर्गाचा गमबूट घ्या, असं कोणीही जाणता माणूस म्हणेल. पोलादी वाटी आहे, खिळा न जाऊ देणारा पत्रा आहे, स्थिर वीज उतरवणारा तळ आहे, खोल खाचा आहेत, पाणी आत येत नाही, आम्ल आणि अल्कली दोन्हींना टिकतो. वर पाच मिनिटांत धुऊन होतो. कागदावर हा बूट जवळजवळ सगळ्या कसोट्यांना उतरतो, आणि किंमतही आवाक्यातली असते. मग सगळ्यांना तोच का नको? कारण तो आठ-बारा तास पायात राहत नाही. त्यातून हवा जात नाही, घाम आतच साठतो, मे महिन्यात तासाभरात मोजा चिंब होतो. घोट्याला धरून ठेवणारं काही नसल्यामुळे उभ्या शिडीवर चढताना टाच आतल्या आत उचलली जाते. गरम पृष्ठभागावर पीव्हीसी मऊ पडतं. मग माणूस काय करतो? वरिष्ठ दिसेनासे झाले की काढून ठेवतो आणि चपलेवर काम करतो. यात त्याचा हट्ट किंवा निष्काळजीपणा शोधणं मला अन्यायाचं वाटतं. जी वस्तू सोसवत नाही ती काढली जाणार, हे देणाऱ्यानं आधीच धरायला हवं. पावसाळ्यात तर ओल्या पायांना चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्या सोलवटतात, आणि सोलवटलेल्या बोटांवर बंद बूट चढवणं ही रोजची शिक्षा होते. जो बूट सगळं सोसतो पण पायाला सोसवत नाही, तो गरजेच्या क्षणी पायात नसतो. त्याची जागा ड्रम धुण्याच्या ओट्यावर आहे, ईटीपीवर आहे, आम्ल उतरवून घेण्याच्या तासाभराच्या कामावर आहे. तिथे त्याला पर्याय नाही. फक्त पँट बुटाच्या बाहेर सोडली पाहिजे, आत खोचली की सांडलेलं रसायन थेट बुटात उतरतं आणि तिथेच साचून राहतं.

दुसरा आक्षेप नव्या साहित्याचा. आता पोलादाऐवजी कंपोझिटची वाटी येते, पत्र्याऐवजी विणलेल्या धाग्यांचा थर येतो, हलके आणि हवेशीर बूट मिळतात. थोडी वाट पाहिली तर एक बूट सगळं करील, असं म्हणतात. प्रगती खरी आहे आणि ती पायांपर्यंत पोचायलाच हवी. पण प्रत्येक नव्या थरासोबत त्याची मर्यादाही येते. विणलेला थर वाकतो, पूर्ण तळ झाकतो, पायाला आरामाचा असतो. मात्र बारीक खिळा त्याच्या धाग्यांना बाजूला सारून आत घुसू शकतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत अशा थरांची तपासणी जाड आणि बारीक, म्हणजे ४.५ आणि ३ मिलिमीटरच्या खिळ्यांनी वेगवेगळी करायचं ठरलं. साहित्य सुधारत गेलं तशी मानकं आणखी बारीक विभागत गेली.

मग दुसरा जोड लागणार. तो द्यायचा कसा? माणशी दोन किंवा तीन जोड वाटले की झालं, असं नाही. माणूस लोकलमधून तीन जोड घेऊन येणार नाही आणि कुठला कधी घालायचा हे लक्षातही ठेवणार नाही. मला पटणारी व्यवस्था वेगळी आहे: रोजचा एक जोड माणसाच्या नावावर असावा, आणि खास धोक्याचे जोड जागेच्या नावावर असावेत. आम्ल उतरवण्याच्या जागी गमबूट तिथल्याच रॅकवर. सॉल्व्हंटच्या विभागाच्या दाराशी स्थिर वीज उतरवणारे बूट, आणि ते खरोखर उतरवतात की नाही हे पाहायला दारातच तपासणीचं यंत्र, ज्याच्यावर उभं राहून बटण दाबलं की हिरवा किंवा लाल दिवा लागतो. त्यात सुकतळ्याचीही आपोआप झडती होते. इलेक्ट्रिशियनचं संरक्षण मुळात परमिटवर आणि पुरवठा बंद करून कुलूप लावण्यावर उभं राहायला हवं, पॅनेलसमोरच्या रबर मॅटनं त्याला साथ द्यायची. म्हणजे सॉल्व्हंटच्या विभागात शिरताना तोही तिथले बूट घालू शकतो. धोका मुळातून काढणं, नाहीतर यंत्रणेनं झाकणं, आणि अगदी शेवटी अंगावर काही चढवणं, हा सुरक्षेचा क्रम जगभर मान्य आहे. बुटावर सगळा भार टाकणं म्हणजे तो क्रम उलटा करणं.

लोक बूट बदलणार नाहीत, असं यावर नेहमी म्हटलं जातं. पण याच वसाहतीतल्या औषध कारखान्यांत रोज बदलतात. निर्जंतुक किंवा स्वच्छ विभागात शिरताना दारात आडवं बाक असतं. अलीकडे बसून बाहेरचे बूट काढायचे, पाय उचलून पलीकडे टाकायचे आणि आतले बूट घालायचे. ऑपरेटर असो, मॅनेजर असो की बाहेरून आलेला तपासनीस, बाक ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. अणुवीज केंद्रांमध्येही किरणोत्सर्गाचं प्रदूषण होऊ शकणाऱ्या विभागाच्या सीमेवर पादत्राणं बदलण्याची शिस्त असते, आणि तारापूरला तर देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून उभं आहे. शिवाय उंबऱ्याशी चप्पल काढण्याची सवय आपल्याला लहानपणापासूनच असते. तेव्हा माणसं बदलत नाहीत हे खरं नाही. जागा तशी बांधली की बदलतात. मनाला लागणारी गोष्ट ही की औषधाच्या कारखान्यातलं ते बाक माणसाच्या पायांपासून औषधाला जपण्यासाठी बांधलेलं असतं. गोळीत धूळ जाऊ नये म्हणून जो खर्च विनातक्रार होतो, तोच खर्च पायावर आम्ल सांडू नये म्हणून करायची वेळ आली की परवडत नाही.

खर्चाचा हिशेबही मांडायला हरकत नाही. चामड्याचा साधा आयएसआय सेफ्टी शूज हजार रुपयांच्या आगेमागे मिळतो, पीव्हीसीचा गमबूट त्याहून स्वस्त. जागेच्या नावावरचे जोड तिथे काम करणाऱ्या सगळ्यांमागे लागत नाहीत, एका वेळी जितकी माणसं त्या जागी उभी राहतात तितकेच लागतात. ते स्टेशनपर्यंत जात नाहीत, चिखलात बुडत नाहीत, म्हणून टिकतातही जास्त. एकमेकांचे बूट घातल्यानं पायांना संसर्ग होतो ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यासाठी प्रत्येकाचे स्वतःचे मोजे, शिफ्टनंतर धुऊन उलटे टांगायला रॅक, आणि पावसाळ्यात बूट वाळवायला गरम हवेची सोय लागते. या वाळवण्याला मी फार महत्त्व देतो. जुलैमध्ये भिजलेलं चामडं एका रात्रीत वाळत नाही, आणि म्हणून रोजचे जोडसुद्धा खरं तर दोन हवेत, एक पायात आणि एक वाळत. ज्यांना दोन देणं जमणार नाही त्यांनी निदान बूट कारखान्यातच काढून ठेवायची आणि तिथेच वाळवायची सोय करावी. माणूस चपलेवर घरी जाईल आणि सकाळी कोरड्या बुटात पाय घालील. हा खर्च कामगारावर टाकता येत नाही, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्यानंच घालून दिलं होतं.

आणि हे सगळं ठरतं ते प्लांटमध्ये नाही, खरेदी विभागाच्या आणि ठेकेदाराच्या कागदांत. तिथे माणशी एक जोड सेफ्टी शूज अशा अर्थाची एक ओळ सहसा पुरेशी मानली जाते. त्या ओळीत वर्ग नसतो, खूण नसते, कुठल्या जागेसाठी ते नसतं, फाटला तर किती दिवसांत बदलून मिळेल ते नसतं. मग सगळ्यात स्वस्त जोड येतो आणि तो सगळ्यांना सारखाच वाटला जातो, भट्टीजवळच्यालाही आणि गोदामातल्यालाही. माझा आग्रह एवढाच की ती ओळ जागेपासून सुरू व्हावी: अमुक ओटा, तिथलं रसायन, तिथली उष्णता, म्हणून अमुक वर्गाचे इतके जोड, या नंबरांपासून त्या नंबरांपर्यंत. याचा फायदा नोंदणीतल्या कामगारापुरता राहणार नाही. ड्रम उतरवायला ट्रकबरोबर आलेला माणूस, कुंभवलीतून किंवा सालवडमधून एका दिवसाच्या सफाईसाठी बोलावलेली बाई, विक्रमगडकडून लावणी आटोपून दोन महिन्यांसाठी आलेला मुलगा, ही माणसं बहुतेक वेळा चपलेवर असतात, कारण बूट ज्याच्या नावावर द्यायचा ते नाव कुठल्याच यादीत नसतं. ओट्याशेजारी सहापासून दहापर्यंतच्या नंबरांचे गमबूट टांगलेले असले, आणि ते घातल्याशिवाय ओट्यावर चढू द्यायचं नाही एवढा नियम तिथल्या ऑपरेटरच्या हातात दिला, तर त्या माणसांच्या पायांतही त्या तासाभरासाठी नेमका हवा तोच जोड असेल. बायकांच्या पायांचे चार आणि पाच नंबरही त्या रॅकवर ठेवायला हवेत. ते ठेवलेले फार कमी ठिकाणी दिसतात.